जाळीच्या दाराआडच्या वहाणा

या बाई, या बाबा, गावोगाव फिरून दमला असाल, असं सरकून जवळ बसा. पंखा इकडंच फिरतो. टाळमृदंग नाही, हातात चिपळ्या नाहीत, तरी आज तुम्हाला एक आख्यान सांगते. देवाधर्माचं म्हणाल तर आहे, कोर्टकचेरीचं म्हणाल तर तेही आहे. आमच्या समोरच्या दारातल्या एका वहाणांच्या जोडाची ही गोष्ट. मन लावून ऐका, कारण शेवटी मला तुमच्याकडं एक मागायचं आहे.

आमची सोसायटी जालना रोडला, चिकलठाणा मागं टाकून शेंद्र्याकडं जाताना उजव्या हाताला. नाव ‘शिवार हाइट्स’. शिवार बुजवून इमारत उभी केली आणि नाव तेवढं शिवाराचं ठेवलं, म्हणून कमरोद्दीनचाचा नेहमी हसतात. चाचा आमचे सेक्रेटरी. त्यांचं कापडाचं दुकान आता मुलं बघतात आणि चाचा सोसायटी बघतात. पाण्याची मोटर, लिफ्ट, कुणाच्या बाल्कनीतून कुणाच्या वाळवणावर पाणी पडलं, सगळं त्यांच्याच दारी. आणि दरवर्षी मार्गशीर्षातल्या एकादशीला पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून कीर्तन ठेवतो, तेव्हा सतरंज्या अंथरायला पहिला हात चाचांचाच. “भाभी, सतरंजी को सलवट नको. बैठनेवाले का ध्यान सलवट में जाता है,” असं मला सांगतात. सलवट म्हणजे चुणी.

राजाबाई माझ्या समोरच्या दारात राहते. जातीची धनगर, मूळ करमाडच्या अलीकडची. रान कारखान्यांसाठी गेलं, मोबदला आला, आणि तिच्या नवऱ्यानं, रामभाऊंनी, मेंढरं विकून हा फ्लॅट घेतला. धाकटा सत्यम तेव्हा शाळेत होता, त्याला शहर मानवलं. थोरला बिरू मात्र पायात काटा मोडावा तसा घरात वावरायचा. भिंतीला टेकून बसायचा, पण टेकल्यासारखा दिसायचा नाही. रामभाऊंनी खटपट करून त्याला शेंद्र्याच्या एका कंपनीत चिकटवलं. कंपनीनं जाड बूट दिले. एका सकाळी बिरू ते बूट घालून ड्युटीला म्हणून गेला आणि आपल्या वहाणा दाराबाहेर काढून ठेवून गेला. तो कंपनीच्या गेटवर पोचलाच नाही. घरीही आला नाही. पोलिसांत खबर दिली, नात्यातल्यांचे मेंढरांचे कळप जिथं जिथं उतरतात तिथं माणसं पाठवली, जेजुरीला, कुठं कुठं. नाहीच.

त्याला आता आठ वर्षं होऊन गेली. वहाणा तिथंच आहेत. राजाबाई त्यांना एरंडेलाचा हात लावते, ऊन दाखवते आणि पुन्हा दाराबाहेर ठेवते, पण पुढची बाजू घराकडं करून. त्यांच्यात रीतच आहे तशी. गावाला जाणाऱ्याची वहाण बाहेरच्या तोंडानं ठेवायची आणि येणाऱ्याची आतल्या तोंडानं. सकाळी झाडणारी दगडाबाई केर काढताना वहाणा कशाही सरकवते. तिची पाठ वळली की राजाबाई बाहेर येते, वाकते आणि तोंडं आत करते. माझा चहा उकळतो तेवढ्यात रोज हे होतं. मी दार किलकिलं ठेवून बघते. खरं सांगू का, तीही एक पूजाच आहे.

मागच्या वर्षी रामभाऊ गेले. आणि तिथून गोष्ट सुरू होते.

फ्लॅट एकट्या रामभाऊंच्या नावावर. त्यांनी सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लिहिलं होतं बिरूचं. आमच्याकडं सगळ्यांची हीच समजूत, थोरल्याचं नाव लिहिलं की घर थोरल्याचं झालं. आता लिहिणारा गेला आणि लिहिलेला सापडत नाही. सत्यमला पुण्यात नोकरी लागलेली, बायको पोटुशी, जागा भाड्याची. त्यानं विचार मांडला तो काही वाईट नव्हता. हा फ्लॅट विकू, पुण्यात घेऊ, आईला घेऊन जाऊ. कुणीतरी त्याला सल्ला दिला की सात वर्षं झाली आहेत, भावाला मयत ठरवून घे म्हणजे सगळं मोकळं होईल. आईनं फक्त कोर्टात सांगायचं, इतक्या वर्षांत त्याची काही खबर नाही.

राजाबाईनं ते ऐकलं आणि भाकरीचं पीठ मळता मळता हात तसेच परातीत ठेवले. मी तिथंच होते.

“आन् मंग बिरू आला म्हंजी?” एवढंच ती म्हणाली. “त्याला ह्येच दार ठावं हाय. पुण्याचं कोण दावणार त्याला?”

सत्यम म्हणाला, “आई, तो येणार असता तर आला असता गं.”

“त्ये तू नगं सांगू.”

माय-लेकांत त्या दिवसापासून शब्द कमी झाले. तो शनिवारी यायचा, रविवारी जायचा, आणि मधल्या वेळात दोघंही टीव्हीकडं बघायचे.

त्यातच अग्निशमनवाल्यांची तपासणी झाली. जिने आणि पॅसेज मोकळे ठेवा, असं ते सांगून गेले. चाचांनी फळ्यावर सूचना लावली. लोकांनी कुंड्या उचलल्या, सायकली खाली नेल्या, चपलांचे स्टँड आत ओढले. माझी तुळस मी बाल्कनीत नेली. राहिल्या फक्त त्या वहाणा. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी कुरकूर केली की नियम सगळ्यांना सारखा हवा. चाचा दारापर्यंत यायचे, वहाणांकडं बघायचे आणि “पानी बराबर येतंय ना?” असं विचारून परत जायचे.

शेवटी चाचा म्हणाले, “भाभी, यह अपने बस का नाही. वकील बोलावू या.”

म्हणून गजालाबाई आल्या. सोसायट्यांचंच काम करतात. सभासद, कमिटी, बिल्डर, सामाईक जागा, कुणाचं काय आणि सगळ्यांचं काय, हे समजावून सांगणं त्यांचा धंदाच. वय फार नाही, पण बोलणं कसं, दळलेल्या पिठासारखं, कुठं खडा लागत नाही. रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकल्या. सत्यम आलेला होता. राजाबाई खुर्चीवर बसेना, खांबाला टेकून खालीच बसली, म्हणून गजालाबाईही खुर्ची सोडून सतरंजीवर बसल्या. तिथंच मला ती पोरगी आवडली.

“आधी एक गैरसमज काढू,” गजालाबाई म्हणाल्या. “नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. चाचा, तुम्हीपण ऐका.”

“सुन रहा हूँ, बेटा.”

“सभासद गेला की सोसायटीनं कुणाशी बोलायचं, त्यासाठी ते नाव असतं. त्यानं फक्त सांभाळायचं. आपण अमानत म्हणतो ना, तसं. घर वारसांचं. रामभाऊंचे वारस तिघं. राजाबाई, बिरू, सत्यम. तिघांचा हक्क सारखा.”

“पण बिरूच नाही ना,” सत्यम म्हणाला. “तेच तर मी सांगतोय.”

“तेच बोलते. सात वर्षं ज्याची खबर, ज्यांना कळायला हवी त्यांनाच कळली नाही, तो जिवंत नाही असं कोर्ट धरून चालू शकतं. कायद्यात तशी सोय आहे.”

राजाबाईनं पदर सावरला. “वकीलीणबाई, एक इचारू?”

“विचारा ना, खाला.” खाला म्हणजे मावशी, बरं का.

“ह्यो देव विटंवर कवाचा उभा हाय?”

गजालाबाई जरा गडबडल्या. चाचा माझ्याकडं बघायला लागले.

“लई वर्सं झाली म्हनत्यात,” राजाबाई म्हणाली. “त्याला कुणी इचारलं का, सात झाली, आता बस खाली म्हनून? देव दमला न्हाय, आन् तुमचा कायदा सातातच दमला व्हय?”

पार्किंगमध्ये हशा पिकला. गजालाबाईपण हसल्या, पण त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. “खाला, कायदा दमत नाही. मागं राहिलेल्यांनी कुठवर अडकून पडायचं, म्हणून त्यानं एक दार ठेवलंय. त्या दारातून जायलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही.”

“मंग माझं न जान्याचं काय करायचं ते सांगा.”

“त्याचाही रस्ता आहे. कोर्टातून वारसदाखला काढू. त्यावर तिघांची नावं येतील, बिरूचंही. त्यावरून फ्लॅट तिघांच्या नावावर लागेल. पहिलं नाव तुमचं. सभेला तुम्ही बसाल, हात वर कराल. बिरूचा हिस्सा जागच्या जागी राहील. पण मग,” आणि इथं त्या सत्यमकडं वळल्या, “घर विकता येणार नाही. बिरूच्या सहीशिवाय, नाहीतर कोर्टाच्या हुकमाशिवाय. हे तुला आधीच सांगते, भाऊ. आणि दुसरंही सांगते, कारण लपवणं माझं काम नाही. आई नको म्हणाली तरी तू एकटा कोर्टात जाऊ शकतोस. तुझा तो हक्क आहे.”

“आणि मग?”

“मग आईला साक्षीला बोलावतील. विचारतील, मुलाला शेवटचं कधी पाहिलं, त्यानंतर काही कळलं का. त्यांना खरं सांगावं लागेल.”

राजाबाईचा हात खांबावरून खाली आला. तिला खोटं बोलता येत नाही. आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे ‘काही खबर नाही’ हे वाक्य तिच्याच तोंडून निघणार होतं.

सत्यम उठून उभा राहिला. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “मॅडम, आठ वर्षं मी रोज याच दारातून आत आलोय. कॉलेजातून, क्लासमधून, बाबांना दवाखान्यात नेऊन. आता पुण्याहून येतो. माझ्या चपला कुठल्या तोंडाला पडल्यात, हे कुणी एकदा तरी बघितलं का, विचारा तिला.”

राजाबाईनं मान वर केली, मुलाकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी नजर दुसरीकडं नेली. गजालाबाई हळूच म्हणाल्या, “आज कुठल्याच कागदावर सही नको. पुढच्या रविवारी भेटू.”

मधे एकादशी आली. यंदा गंगापूरकडच्या प्रेरणाताई कीर्तनाला होत्या. काय गळा! पहिल्या आलापालाच वरच्या बाल्कन्यांमधले लोक खाली आले. सत्यम सुटी काढून आला होता. आईसाठी की कोर्टाच्या कागदासाठी, ते विचारायची माझी छाती झाली नाही. तो मागं, मोटरच्या खोलीपाशी, हाताची घडी घालून उभा होता.

राजाबाईचं ते विटेचं बोलणं माझ्या मनात घोळत होतं, ते मी ताईंच्या कानावर आधीच घातलं होतं. निरूपणाला त्यांनी तेच घेतलं. म्हणाल्या, “बायांनो, सगळे देव कुठं कुठं बसलेत. कमळावर बसलेत, नागावर निजलेत, डोंगरावर ध्यान लावून बसलेत. हा एकटाच का उभा? अहो, घरात कुणी यायचं असलं की आई बसते का? पाट मांडते, पाणी ठेवते, उंबऱ्यात जाते, आत येते. पाठ टेकत नाही. आपण म्हणतो, मी देवाची वाट बघतो. वेड्यांनो, तो तुमची वाट बघतोय! कमरेवर हात ठेवलेत ते ऐटीनं नव्हे. उभं राहून राहून कंबर भरली आहे, म्हणून!”

मृदंगावर थाप पडली, नामाचा गजर झाला, माझे डोळे भरले. चाचा सतरंजीच्या कडेला मांडी घालून डोलत होते. शेजारी राजाबाई होती. गजर थांबला तशी ती माझ्या कानाशी आली. तिला वाटलं ती हळू बोलते आहे, पण तिचा आवाज रानातला, तो हळू होतच नाही.

“ताई, त्येचं बरं हुतं.”

“कुणाचं गं?”

“देवाचं. त्येला भक्तानं ‘जरा थांब’ म्हनून सांगितलं तरी हुतं. थांब म्हनलं, वीट दिली पायाखाली. माझ्या बिरूनं मला तेवढं बी सांगितलं न्हाय. जातू म्हनला न्हाय, येतू म्हनला न्हाय. मी कशावर उभी ऱ्हाऊ, सांगा.”

मी तिचा हात धरला. मागं बघितलं तर सत्यम मोटरच्या खोलीपासून पुढं आलेला, आमच्या पाठीशीच होता. हाताची घडी सुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पुण्याची गाडी होती. माझा चहा उकळत होता. दगडाबाई केर काढून खाली उतरली. वहाणा नेहमीसारख्या विस्कटल्या होत्या, एक जिन्याकडं तोंड करून, दुसरी भिंतीला उभी. दार उघडलं. मला वाटलं राजाबाई. तर सत्यम. खांद्याला बॅग, पायात बूट. तो दोन पावलं जिन्याकडं गेला आणि थांबला. मग बॅग खाली ठेवून वाकला. वहाणा उचलल्या, बाहीनं पुसल्या, जोड जुळवला, आणि तोंडं घराकडं केली. केवढा बाप्या माणूस, पण गुडघ्यावर बसून तसाच बघत राहिला.

आत राजाबाई उंबऱ्यापाशी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती आत गेली आणि कपाटामागून एक प्लास्टिकची पिशवी काढून आणली. पिशवीत सत्यमच्या कॉलेजातल्या सँडल होत्या, बंद तुटलेला एक, घासून पातळ झालेला तळ. त्यांनाही तेलाचा हात लागलेला दिसत होता.

“तू पुण्याला गेलास तवापून ठिवल्यात,” ती म्हणाली. “भाईर न्हाय मांडल्या. भाईर मांडल्या म्हंजी मानूस हरवल्यावानी वाटतं. तू कुटं हरवलायस? तू तर येतूस.”

सत्यमनं कपाळ चौकटीला टेकवलं. माझा चहा उतू गेला. जाऊ दे म्हटलं.

त्याची गाडी चुकली. तो तसाच गजालाबाईंकडं गेला आणि म्हणाला, “तिघांची नावं लावा.” गजालाबाईंनी विचारलं, “पुण्याच्या घराचं काय?” तर म्हणाला, “भाड्यानं राहतात की लोक.” मग गजालाबाईंनी अर्ज केला, वर्तमानपत्रात नोटीस दिली, कोर्टाच्या तारखा झाल्या, दाखला आला. ते सगळं सांगत बसत नाही, आख्यानात तेवढं वगळायचं असतं. एवढं सांगते की राजाबाईला कोर्टात जावं लागलं, पण तिला वेगळं विचारलं. वारस कोण कोण, एवढंच. तिनं तीन नावं सांगितली आणि मधलं जरा जोरात सांगितलं.

वहाणांचा प्रश्न राहिलाच होता. गजालाबाई तिथं मात्र हटल्या नाहीत. “खाला, पॅसेज तुमचा नाही, चाचांचाही नाही, सगळ्यांचा आहे. आग लागली तर अंधारात कुणीतरी अडखळेल. उद्या बिरू आला आणि तोच अडखळला तर?” राजाबाईला ते पटलं. पण घरात, दाराआड ठेवायला ती तयार नव्हती. येणाऱ्याला दिसायला हव्यात ना.

तेव्हा चाचांनी टेप आणली. लाकडी दार आणि बाहेरचं जाळीचं दार यांच्यामधली वीतभर जागा मोजली, उठून कंबर धरली आणि म्हणाले, “राजाबाई, यहाँ तक आपकी हद. सोसायटी की नाही, फायरवाल्यांची नाही. इथं ठेवा, जाळीतून दिसतंय बी.”

“दिसतंय का खरं?” राजाबाईनं विचारलं. चाचा जिन्यापर्यंत गेले, खालच्या पायरीवर उभं राहून मान उंच केली. “बराबर दिखता है!” मग राजाबाई स्वतः खाली गेली, वर आली, जिन्याच्या वळणावर थांबली, आणि येणाऱ्या माणसाच्या नजरेनं तिनं आपलं दार बघितलं. तिनं असं किती वेळा येऊन बघितलं असेल, मनात.

आता तिथं दोन जोड आहेत. एक बिरूच्या वहाणा, एक सत्यमच्या सँडल. दोन्हींची तोंडं घराकडं. खाली पार्किंगमधल्या पाटीवर रामभाऊंच्या जागी तीन नावं रंगवली आहेत. परवाच्या वार्षिक सभेत चाचांनी हजेरी घेतली. आमच्याकडं पाटीवरची सगळी नावं वाचायची पद्धत आहे. “राजाबाई,” म्हणाले. “हाय.” “बिरू,” म्हणाले, आणि जीभ चावली. राजाबाईनं सावकाश सांगितलं, “यायचा हाय. फुडं वाचा.” आणि चाचांनी तेच लिहून घेतलं.

संपलं माझं आख्यान. आता माझं मागणं. तुम्ही गावोगाव फिरता. कुठं माळावर मेंढरं उतरलेली दिसली तर एसटीच्या खिडकीतून जरा नीट बघा. उंच आहे तो, उजव्या भुवईला मेंढ्याच्या शिंगाची खूण आहे, आणि दोन बोटांनी शीळ घातली की कळप माना वर करतो. दिसला तर रागावू नका. एवढंच सांगा की दार बदललेलं नाही, तुझं नाव पाटीवर आहे, वहाणा तेल पिऊन मऊ आहेत. आणि नाही दिसला, तर संध्याकाळी देवापाशी दिवा लावाल तेव्हा घरच्यांच्या नावांमागं एक नाव जास्त घ्या. बिरू. राजाबाईचा बिरू. विसरू नका बरं.